घमेलं घेतलेली बाई

संपादकांचं पत्र आलं, 'तुमच्या कलेच्या प्रवासाविषयी लिहा.' मी ते दोनदा वाचलं. प्रवास म्हणाल तर पेडणे ते म्हापसा ही बस, त्यात उभं राहायचं आणि दोन पायांच्या मधे चुन्याची गोण धरायची. गोण फुटली तर कंडक्टर शिव्या घालणार, नाही फुटली तर शेजारची बाई पदर सावरत दूर सरकणार. एवढाच प्रवास झाला. बाकी सगळा वेळ मी भिंतीसमोर उभा होतो.

आता उभं राहवत नाही. गुडघे गेले. चुन्याने बोटांची टोकं इतकी खाल्ली आहेत की आधारकार्डाच्या वेळी यंत्र माझा अंगठाच घेईना. त्या खिडकीवरच्या मुलीने तीनदा पुसून पाहिला, मग वैतागून विचारलं, ''आजोबा, तुमी काम कितें करतात?'' म्हटलं, ''रेघा काढतो बाय.'' तिने माझ्या गुळगुळीत अंगठ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. स्वतःच्या सगळ्या रेघा भिंतींना देऊन बसलेला माणूस तिने बहुतेक पहिल्यांदाच पाहिला असेल.

मी कावीचं काम करतो. म्हणजे करत होतो. कावी म्हणजे काय हे आता गोव्यातल्या लोकांनाही सांगावं लागतं, म्हणून सांगतो. आमच्याकडच्या जुन्या देवळांच्या, काही जुन्या घरांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रंगांत मोर, कमळं, वेली, देव दिसतात, ती कावी. तो रंग ब्रशाने लावलेला नसतो. आधी शिंपल्यांचा चुना आठवडेच्या आठवडे भिजवायचा, गुळाचं पाणी घालून कुटायचा, वाळू मिसळून भिंतीला चढवायचा. त्यावर तांबड्या मातीचा पातळ थर. माती मी डिचोलीकडून आणायचो. तिकडे खाणी जोरात होत्या तेव्हा झाडांची पानंसुद्धा तांबडी असायची, ट्रकवाला म्हणायचा, ''माती कशाक मागतां, मेस्त? उबे रावा, माती आपशींच आंगार येता.'' तर असा तो तांबडा थर घोटून गुळगुळीत करायचा आणि ओला असतानाच लोखंडी टोचणीने खरवडायचा. तांबडं निघतं, खालचा पांढरा चुना दिसतो. चित्र म्हणजे एवढंच, जे काढून टाकलं ते.

यातली मेख अशी की, जेवढा भाग आज लिंपला तेवढा आजच पुरा करावा लागतो. उद्या तो दगड झालेला असतो. दुसरी मेख, चुकलेली रेघ भरून काढता येत नाही. कागदावर खोडरबर फिरवता येतो, आमच्यात पुसायला गेलं की आणखी पांढरं होतं. कारापूरला माझ्या मामाच्या हाताखाली मी शिकलो. पहिल्याच दिवशी मी हत्तीला पाचवा पाय काढला. मामा पाय मोजून म्हणाला, ''रावं दी. आतां तो हत्ती पांच पायांचोच.'' तो हत्ती अजून तिथे आहे. लोक त्याची सोंड मोजतात की पाय, देव जाणे, पण आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

गिऱ्हाइकांचे किस्से सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही. एकच सांगतो. किनाऱ्याकडे एका हॉटेलवाल्याने बोलावलं. दिल्लीकडचा माणूस, नम्र, पायांत काही नाही, गळ्यात रुद्राक्ष. म्हणाला, ''मला अध्यात्म हवं आहे, स्वागतकक्षात.'' मी म्हटलं, काढू. मग म्हणाला, तांबड्याऐवजी निळं करता येईल का, तलावाच्या टाइल्स निळ्या आहेत. मी म्हटलं, माती निळी नसते. तो जरा खट्टू झाला, पण मोरावर तडजोड झाली. तीन महिन्यांनी त्याचा फोन. ''मोर दुःखी दिसतो, पाहुणे म्हणतात.'' मी गेलो, पाहिलं. मोर दुःखीच होता. काढताना मी दमलेलो होतो, त्याला मी काय करणार? रेघ खोटं बोलत नाही. हॉटेलवाल्याने मोरासमोर मोठी कुंडी ठेवून दिली.

दमलो होतो, हे माझं आवडतं वाक्य आहे. आयुष्यभर मी ते छत्रीसारखं वापरलं. ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो आहे तिथेही हेच वाक्य आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

म्हापशात बाजाराजवळच्या एका भिंतीचं काम मला मिळालं, तेव्हा मी देव सोडून दुसरं काही काढलेलं नव्हतं. देणाऱ्यांनी सांगितलं, 'शहर काढा.' मी आठ दिवस बाजारात नुसता बसलो. आधी सगळा गोंगाटच वाटला. मग हळूहळू माणसं सुटी होऊन दिसायला लागली. सायकलच्या हँडलला टोपली बांधून भोंपू वाजवत जाणारा पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, कुणाच्या दारात किती पाव द्यायचे हे न विचारता देत होता. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलवरून माणसं पोचवणारा पायलट एका म्हातारीला पाठीमागे बसवून तिचा पदर चाकात जात नाही ना, हे तीनदा बघत होता. मासळीवाली गिऱ्हाइकाशी कडकडून भांडून शेवटी दोन बांगडे जास्तीचे टाकत होती. देवळात मी आयुष्यभर जे काढत होतो ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. देवाच्या हातात शंख, पोदेराच्या हातात भोंपू. मी ते तसंच काढलं.

याच कामावर निंगव्वा माझ्याकडे आली.

ती बेळगाव जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावची. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन गोव्यात आली आणि इमारतींवर घमेली उचलायला लागली. तुयेला कारखान्यांच्या मागे कामगारांच्या खोल्यांची ओळ आहे, तिथे राहायची. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, आवाज मोठा. पर्वरीला एका कामावर लादी पडून तिच्या डाव्या हाताची करंगळी मोडली होती, ती तशीच वाकडी बसली होती. घमेलं धरलं की ती करंगळी काठाबाहेर उभी राहायची.

चुना कुटायला मला कुणी मिळत नव्हतं. आजकालची माणसं सिमेंटची. सिमेंट कसंही कालवा, दगड होतोच. चुन्याचे लाड करावे लागतात. निंगव्वाला मी एकदाच दाखवलं. चौथ्या दिवशी ती मला सांगायला लागली. लिंपलेल्या भिंतीवर तळवा मारायची, कान लावायची आणि म्हणायची, ''आजून न्हाई, मेस्त्री. भित आजून पानी बोलतीया.'' मी घाई करून टोचणी लावली की रेघेच्या कडा ढासळायच्या. दोनदा असं झाल्यावर मी तिचं ऐकायला लागलो. पुढे पुढे तर तिने 'हां, घ्या आता' म्हटल्याशिवाय मी टोचणी उचलतच नसे. मामाने शिकवलं नाही ते मी तिच्या तळव्याकडून शिकलो. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

एकदा तिला ताप होता. डोळे लाल. मी म्हटलं, ''निंगव्वा, घरी जा.'' ती कुटतच राहिली. मी दुसऱ्यांदा म्हटलं, तर म्हणाली, ''घातलेला घाणा आर्धा सोडला तर त्यो फुकट जातुया. एवढं हुंदे.'' चुन्याचा तेवढा घाणा कुटून पुरा झाला, त्यावर ओला गोणपाट झाकला, आणि मग ती भिंतीच्या सावलीत जाऊन आडवी झाली. पायलटाला सांगून मीच तिला खोलीवर पोचवलं.

म्हापशाची भिंत पुरी झाली तेव्हा लोक थांबून बघायचे. पोदेराला लोकांनी त्याचं चित्र दाखवलं, तर त्याने 'माझी सायकल जुनी काढली' म्हणून तक्रार केली. मासळीवाली रोज येऊन शिव्या घालायची आणि रोज यायची. निंगव्वाने घमेलं धुतलं, भिंतीसमोर उभी राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

''समदी हायती,'' ती म्हणाली. ''मी कुटं हाय?''

सगळं शहर काढलं आणि जिने भिंत उभी केली तिला काढायचं सुचलंच नव्हतं.

''इतक्या बिल्डिंगा बांधल्या,'' ती म्हणाली. रागाने नाही, हिशेब सांगावा तसं. ''पुऱ्या झाल्या की वाचमन आत सोडत न्हाई. एका भितीवर तरी माजं काय आसंल आसं वाटलं हुतं.''

मी म्हटलं, ''पुढच्या भिंतीवर तुला काढतो. शब्द देतो.''

म्हापशाच्या भिंतीचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, सांगायला फार नाही. आधी तिच्यासमोर स्कूटर लागल्या, मग वाढदिवसांचे फलक, मग फाटक रुंद करायला अर्धी पाडली. पोदेर गेला, मासळीवाली गेली. पायलटाचं मागचं चाक अजून आहे म्हणतात. मी बघायला गेलो नाही.

पुढची भिंत होती माझ्याच गावच्या देवळाची.

पेडण्यातलं आमचं गाव, गावचं देऊळ, देवळाच्या समितीचा अध्यक्ष माझाच चुलतभाऊ बाबल. माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला बाबलभाऊ म्हणतो. बाकी देवळांनी टाइल्स घातल्या, संगमरवर घातला, पण बाबलभाऊने हट्ट धरला की मंडपात कावीच हवी. त्याच्याबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे लक्षात असू द्या. त्याच्यामुळेच ती भिंत मिळाली.

मी पालखीची मिरवणूक काढायला घेतली. मधे पालखी, पुढे ढोल-ताशे, अब्दागिरी, आणि दोन्ही कडांना बघायला उभी असलेली माणसं. त्या बघ्यांमध्ये मी म्हापशाचं शहर आणून उभं केलं. पोदेर सायकल टेकवून हात जोडतोय, पायलटाने हेल्मेट काखेत धरलंय, मासळीवालीने टोपली खाली ठेवलीय. गावातले लोक यायचे, ओळखायचे, हसायचे. बाबलभाऊ स्वतः म्हणाला, ''रे, ह्यो पोदेर आमच्यागेर येता तोच! देव सगळ्यांचो.''

इथे आमच्याकडची एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. पालखी बघायला कुणीही उभं राहावं. पण पालखीबरोबर चालणं हा मान. खांदा कुणाचा, अब्दागिरी कुणाची, पालखीच्या मागे पहिलं पाऊल कुणाचं, हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. या मानावरून घराघरांत बोलणं बंद झालंय, देवळांना कुलपं लागली आहेत. गावात जन्मलेलं पोरही हे जाणतं. मीही जाणत होतो.

त्या दिवशी पालखीच्या मागची जागा लिंपली होती. निंगव्वाने तळवा मारला, कान लावला आणि म्हणाली, ''घ्या आता, मेस्त्री. आज भित लई ग्वाड झालीया.'' खरंच, तसा थर वर्षातून एकदा जमतो. टोचणी लोण्यातून जावी तशी गेली. मी मागे वळून तिच्याकडे बघत होतो आणि काढत होतो. डोक्यावर घमेलं, वर धरलेले दोन्ही हात, वाकडी करंगळी, गोंदण, नाकातली चमकी. कुठल्या जागेवर काढतोय याचं भान नव्हतं, असं मी नंतर समितीला सांगितलं. ते खरं नाही. भान होतं. जागा चांगली होती, चुना चांगला होता, आणि तिथे पहिलं पाऊल तिचंच असावं असं मला त्या घटकेला मनापासून वाटलं.

तिने चित्र पाहिलं. पदराने तोंड पुसलं, पुन्हा पाहिलं.

''नाक मोटं झालंया,'' म्हणाली.

मग घमेलं उचलून कामाला लागली. संध्याकाळी बसमध्ये मात्र शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, ''त्या देवळात माजं तोंड हाय.'' दोन दिवसांनी ती मुलीच्या लग्नासाठी गावी गेली. चंदगडकडचं स्थळ होतं, बरं होतं.

ती गेली आणि बोलणं सुरू झालं. पालखीमागच्या मानाचं घर आमच्या वाड्यावरचंच. त्यांचा म्हातारा आला, भिंतीसमोर काठी टेकून उभा राहिला आणि तसाच माघारी गेला. दुसऱ्या दिवशी त्या घरातलं कुणी आरतीला आलं नाही. बाबलभाऊ माझ्याकडे आला.

''रघू, ती बायल कोण?''

''माझ्या कामावरची. निंगव्वा.''

''ती थंय कित्याक? पोदेराच्या कडेक काढूंक जागो नाशिल्लो?''

''जागा होती,'' मी म्हटलं.

''मागीर?'' तो खाली बसला. तोही दमलेला होता. ''माका तिचें कांय ना रे. पूण जत्रा पंधरा दिसांर. मानाचीं घरां पालखेक येवचीं ना. हांव कोणाकोणाच्या पायां पडूं?''

शेवटी ठरलं, देवाला विचारू. आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, उजवी कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. सकाळची वेळ, मंडपात चाळीसेक माणसं. गुरवाने विचारलं, ''म्हाराजा, पालखीमागची ही बाई भिंतीवर राहू दे की नको?''

कळ्या हलल्या नाहीत. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पाणी शिंपडलं. तास झाला. माणसं एकेक करून खांबाला टेकली. कुणी जांभया देत होतं, कुणी मोबाईल बघत होतं. मी सकाळपासून उपाशी होतो, पाठ धरली होती. देव काही बोलेना.

मग बाबलभाऊ माझ्याकडे वळला. सगळ्यांसमोर म्हणाला, ''देव सांगना. काम तुजें. तूंच सांग, रघू. तूं म्हणशी तें जातलें.''

माझ्या तोंडून 'राहू दे' एवढं निघालं असतं तर बाबलभाऊने ते पाळलं असतं. तो शब्दाचा पक्का आहे. भांडण झालं असतं, दोन वर्षं चाललं असतं, आणि गावात कुठलं भांडण कायमचं टिकतं? देवाने नकार दिला नव्हता. त्याने माझ्यासाठी जागा सोडली होती, असं मला आता वाटतं. तेव्हा मला फक्त एवढंच वाटत होतं, की हे संपावं आणि घरी जाऊन पडावं.

मी म्हटलं, ''तोंड खरवडून टाकतो. मग ती कुणीच नाही.''

सगळ्यांना बरं वाटलं. मला चहा मिळाला.

सुकलेली कावी खरवडणं म्हणजे दगड खरवडणं. मला दुपारपर्यंत वेळ लागला. डोळे गेले, चमकी गेली, गोंदण गेलं, मोठं झालेलं नाक गेलं. हात आणि घमेलं मी तसंच ठेवलं. ठरलं होतं ते तोंडापुरतंच. शेवटी उरला नुसता पांढरा गोल.

आणि इथे माझा धंदा माझ्यावर उलटला. सगळ्या तांबड्या भिंतीवर एवढं पांढरं दुसरीकडे कुठेच नव्हतं. मंडपात शिरलं की आधी तेच दिसायचं. समई लावली की पालखी मागे पडायची आणि ते तोंड पुढे यायचं. जत्रेच्या आधीच कुणीतरी त्यावर कुंकवाचं बोट लावलं. मग दुसरं. गावात नव्याने आलेल्या सुना विचारायला लागल्या, ही कोण देवी? कुणी सांगितलं, पाण्याची देवी, डोक्यावर घागर आहे बघा. कुणी सांगितलं, जुनी आहे, आमच्या आजीच्या वेळची. चुना सुकून महिनाही झाला नव्हता. मानाच्या घरातल्या म्हातारीने तिथे अबोलीच्या फुलांचा वळेसर अडकवला. म्हाताऱ्याने हरकत घेतली नाही, देवीचा मान त्याला चालत होता.

मी हे सगळं बघत होतो. हसूही येत होतं, खोटं का सांगू?

वर्षभराने, पुढच्या जत्रेला, निंगव्वा आली. नवं लुगडं, बरोबर मुलगी, आणि मुलीची सासू. चंदगडची ठसठशीत बाई, नाकात मोठी नथ. मुलीला तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं होतं, तिला पोचवायला सासू आली होती, आणि निंगव्वा मुद्दाम जत्रेचा दिवस बघून त्या दोघींना देवळात घेऊन आली होती. रांगेतूनच तिचा आवाज ऐकू येत होता, ''आता बगा तुमी, विहीणबाई. पालखीच्या पाटीमागं. मेस्त्रीनं नाक मोटं केलंया, पर वळखाल.''

मी खांबाआड होतो. मागच्या दाराने जाता आलं असतं.

त्या तिघी भिंतीसमोर आल्या. निंगव्वा बोलता बोलता थांबली. पांढऱ्या गोलावर कुंकू माखलेलं, वर फुलं. तिने खाली मासळीवालीकडे पाहिलं, पोदेराकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

''कुटं हाय?'' विहीण म्हणाली. ''ही तर देवी दिसतीया.''

मुलगी आईचा हात ओढायला लागली. मागची रांग ढकलत होती. निंगव्वाने हात जोडायला वर उचलले. मला कळलं, ती नमस्कार करून पुढे जाणार, विहिणीला 'माझी चूक झाली, दुसरं देऊळ असेल' असं काहीतरी सांगणार.

मी पुढे झालो. बाबलभाऊ तिथेच फुलं घेत होता, मानाच्या घरची माणसं होती, सगळ्यांसमोर बोललो. ''ती देवी नाही. ही आहे, ही निंगव्वा. तोंड होतं, मी काढलं होतं आणि मीच खरवडलं. माझ्या हाताने.''

रांग थबकली. बाबलभाऊने मान खाली घातली. विहिणीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग निंगव्वाकडे, तिचा विश्वास बसलेला दिसत नव्हता. देवळातला म्हातारा काहीही बोलतो, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

निंगव्वाने जोडायला उचललेले हात सुटे केले. डावा हात तिने वर नेला आणि भिंतीवरच्या घमेलं धरलेल्या हाताशेजारी टेकवला. वाकडी करंगळी, आणि तिच्या शेजारी चुन्यातली वाकडी करंगळी.

''तोंड ऱ्हाऊ दे,'' ती विहिणीला म्हणाली. ''हात बगा.''

विहिणीने पाहिलं. पुढे झाली, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. मग तिने निंगव्वाचं मनगट धरून हात खाली घेतला आणि तो आपल्या हातात तसाच ठेवला. मुलगी रडत होती. मागून कुणीतरी 'चला, चला' म्हणालं आणि रांग पुढे सरकली.

बाहेर खाज्याच्या, म्हणजे जत्रेतल्या गुळाच्या खाऊच्या, दुकानाशी मी तिला गाठलं. विहीण आणि मुलगी खाजं घेत होत्या. माफी मागायचं ठरवून आलो होतो, पण तोंडातून आयुष्यभराचं तेच वाक्य निघालं. ''निंगव्वा, मी त्या दिवशी फार दमलो होतो गो.''

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. चुन्याने खाल्लेली बोटं तिच्याही हाताला आहेत.

''मी बी दमत हुते, मेस्त्री,'' ती म्हणाली. ''पर आर्धा कुटल्याला चुना टाकून कवा उटले न्हाई.''

मुलीने तिला हाक मारली. ती गेली.